बराखीत सुकवलेला माका

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. श्रेयाने ओट्यावर जास्वंदीची फुलं, कढीपत्ता, भिजवलेल्या मेथ्या आणि कालव्याच्या कडेने उपटलेला माका मांडून ठेवला होता. माका मुळांसकट, मुळं चिखलासकट. मधोमध साखरेच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला. मी तवा घ्यायला गेले तर म्हणाली, "ताई, तुम्ही व्हिडिओत येताय, जरा बाजूला व्हा ना."

लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या ओट्यापुढे उभी आहे. बाजूला हो असं मला सासूबाईंनीही कधी सांगितलं नव्हतं.

श्रेया माझी धाकटी जाऊ. अमृतभाऊजींची भोसरीची कंपनी उन्हाळ्यात बंद पडली आणि दोघं पिंपरी पेंढारला आमच्यात राहायला आली. तेव्हापासून ती बोलते आहे. दात घासताना बोलते, भाकरी करपवताना बोलते, समोर कोणी नसलं तर मोबाईलशी बोलते. आता तिला केसांचं तेल करून विकायचं आहे. होममेड, म्हणाली. मी जन्मभर होममेडच जेवते आहे, पण त्याचा एवढा बोभाटा करायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

फोडणीचं तेल कधी तापलं हे जिला कळत नाही, ती बायकांच्या डोक्यांची काळजी वाहणार.

आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, उंबऱ्यात बसून सगळं बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "कुनाचं बाळातपन हाय गं? काढा कुनासाटी?"

१५ सप्टेंबर, सोमवार

अंगणात कपडे वाळत घालताना त्या दोघांचं बोलणं कानावर पडलं. मी ऐकायला गेले नव्हते, ती दोघं हळू बोलतच नाहीत. वाघोलीकडे कुठल्याशा गोदामात भाऊजींना नोकरी मिळते आहे. गोदाम अजून बांधून व्हायचंय, सतरा नोव्हेंबरला हजर व्हायचं.

श्रेया म्हणाली, "तोपर्यंत माझ्या तेलाला गिऱ्हाईक लागलं तर मी इथेच राहते. तू सुट्टीला येत जा."

"आणि नाही लागलं तर?"

"तर येते तुझ्याबरोबर. परत तशाच दोन खोल्या, तशीच गॅलरी. पण इथे फुकट बसून खाणार नाही मी."

मी चिमटे लावून आत आले. तेलाला गिऱ्हाईक लागायचं काही लक्षण दिसत नाही. म्हणजे नोव्हेंबरात ओटा मोकळा. साखरेचा डबा पुन्हा साखरेचा. बरंच होईल.

दुपारी उगाच डोकं दुखत होतं. ऊन असेल.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. एकीकडे माझे वडे, दुसरीकडे तिचं पातेलं. तेल कारळ्याचं आहे, नारायणगावच्या घाण्यावरून काढून आणलेलं. यांनी घोडेगावच्या बाजारातून कारळे मुद्दाम आणून दिले. भावजयीने मागितले म्हणून. गेल्या साली मी चटणीपुरते मागितले तेव्हा यांना लागवडीची गडबड होती.

तिने माका धुतला, झटकला आणि तसाच तेलात सोडला. तेल तडतडत राहिलं. ओला पाला तेलात गेला की ते तेल टिकत नाही, हे लोणचं घालणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. मी वडे तळत राहिले. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मोबाईलला मात्र ती सांगत होती की या तेलात आमच्या गावच्या मातीचा गुण उतरलाय. माती उतरली होती हे खरं. नीट धुतलाही नव्हता.

६ ऑक्टोबर, सोमवार

सगळ्या बाटल्यांना बुरशी आली. वर पांढरी साय, झाकण काढलं की आंबूस वास. श्रेयाने एकेक बाटली उघडून हुंगली, मग क्रेटमध्ये घालून उकिरड्यावर रिकाम्या करून आली. दिवाळीचा धंदा गेला. दिवाळीत निदान पहिल्या अंघोळीला तरी लोक तेलाला हात लावतात.

मला वाटलं रडेल. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ती रिकाम्या बाटल्या घासत बसली आणि पहिल्यांदाच काही बोलत नव्हती. घरात किती शांत होतं. पंख्याचा आवाज येतो आमच्या, हे मी विसरले होते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी कालव्याकडेने माका काढून आणला. हे तिच्यासाठी नाही. घाण्यावरचं चांगलं तेल उकिरड्यावर गेलेलं मला बघवत नाही, दुसऱ्यांदा जाऊ नये एवढंच. उसाच्या कडेला एकटीने वाकून बसू नये म्हणून यांना बांधावर उभं केलं. बिबट्याच्या भीतीने या भागातले नवरे बायकांबरोबर फिरायला लागलेत, बिबट्याचा एवढा एक उपकार.

हे म्हणाले, "धाकटीसाटी व्हय?"

मी म्हटलं, "तेलासाठी."

मुळं तोडली, पाला तीन पाण्यांतून काढला. सुकवायचा कुठे? उन्हात टाकला तर पिवळा पडतो, घरात टाकला तर कुबट होतो. मग कांद्याची बराख आठवली. फळ्यांच्या फटीतून वारा आरपार जातो, वर पत्रा, ऊन नाही. आमचा कांदा अर्धाअधिक विकून झालाय, एक कप्पा मोकळा होता. जुन्या साडीवर पसरून आले. श्रेयाला म्हटलं, हात लावायचा नाही, मी सांगेन तेव्हाच.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

माका वाळला. हातात चुरला की चुरचुर वाजतो असा. आज तेल केलं.

मी केलं असं म्हणायला हवं, कारण श्रेया फक्त प्रश्न विचारत होती. आच एवढी बारीक का? फेस आला की काय समजायचं? मी म्हटलं, फेस म्हणजे आत पाणी आहे, फेस बसला म्हणजे पाणी गेलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही शिकवताना किती छान बोलता." खुशामत. असल्या गोड बोलण्याला भुलायला मी काही आज जन्मले नाही. जास्वंदीवरून आमचं वाजलं. तिला फुलं शेवटी घालायची होती, रंग उतरतो म्हणून. मी म्हटलं, केसांना काय रंग द्यायचाय? तिने शेवटीच घातली. रंग उतरला खरा. लालसर, चांगला दिसतो. मी तसं म्हटलं नाही.

गाळून वाटीत काढलं आणि आत्याबाईंच्या हातावर थेंब दिला. त्यांनी हुंगला. पुन्हा हुंगला.

"ह्याला कांद्याचा वास येतुय. भज्यांचं त्याल हाय का ह्ये?"

बराखीतल्या माक्याला कांद्याचा वास लागला होता. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आम्हा लोकांच्या नाकाला तो वास कळत नाही, वर्षभर त्यातच असतो.

श्रेया हसत हसत खाली बसली. मला म्हणाली, "ताई, तुम्ही ना, कमाल आहात. शहरात कांद्याचं तेल म्हणून बायका शोधत फिरतात. आपण तसंच लिहू, बराखीत सुकवलेला माका." मी तिथून उठून आले. चूक झाली तर झाली, ती बाटलीवर लिहून मिरवायची?

शहरातल्या बायका कांदा चिरताना नाकाला रुमाल लावतात आणि तोच वास विकत घेऊन डोक्याला चोळतात. त्यांचं आणि श्रेयाचं चांगलं जमेल.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी संपली. सुनील, माझा मुलगा, बंगळुरूहून आला आणि भाऊबीज करून गेलाही. आला तेव्हा मोबाईलमध्ये बघत होता, गेला तेव्हाही. बरा आहेस का, बरा आहे. जेवतोस का, जेवतो. झालं बोलणं.

दुपारी दुसरं पातेलं चढवलं. श्रेया शेजारी पाट घेऊन बसली आणि तिची टकळी सुरू. तिच्या मावशीने पाळलेल्या कुत्र्याचं नाव बिट्टू. तिला सातवीत भूगोलाच्या बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं होतं. लग्नात भाऊजींनी तिला पहिला प्रश्न विचारला तो, "तुला गाडी चालवता येते का?" तिला पहाटेची भीती वाटते, रात्रीची नाही. तिला आई आठवते ती गॅलरीत उभी राहून केस विंचरणारी, आणि ते गळलेले केस बोटाला गुंडाळून कुंडीत खुपसणारी.

हे सगळं मला कशाला हवंय? डोक्यात नको ते साठत जातं. रॉकेलचा डबा कुठे ठेवलाय ते आठवत नाही आणि बिट्टू आठवतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नारायणगावच्या प्रेसमधून लेबलं आली. श्रेयाने नाचत आणून दाखवली.

वर आत्याबाईंचा फोटो. पांढरे केस सोडून उंबऱ्यात बसलेल्या. खाली मोठ्या अक्षरात "कुशाई", आणि त्याखाली: "सासूबाईंच्या हातचं परंपरागत केशतेल. कांद्याच्या बराखीत सुकवलेल्या माक्याचं."

आत्याबाईंचं नाव कुशाबाई, तेवढं खरं. बाकी त्यांनी त्या पातेल्याला बोट लावलेलं नाही. जन्मभर त्यांच्या डोक्याला कारळ्याच्या साध्या तेलाशिवाय काही माहीत नाही. फोटो काढला तेव्हा त्यांना वाटलं रेशनकार्डाचं काहीतरी आहे. सध्या त्या घोडेगावला लेकीकडे गेल्या आहेत, म्हणून श्रेया वाचली. नाही तर इथे रामायण झालं असतं.

मी विचारलं, "सासूबाईंच्या हातचं?"

"आजी दिसली की लोकांना विश्वास वाटतो, ताई. तसंच असतं मार्केटिंगमध्ये."

"हात कोणाचे आहेत ते तुला माहीत आहे."

तिने हसून माझ्या खांद्याला धक्का दिला. "मग तुमचा फोटो लावू? तुम्ही कुठे म्हाताऱ्या आहात अजून?"

मी हसले नाही. मला फोटो नको होता. केसांच्या तेलावर तोंड छापून घ्यायची हौस मला नाही, नावाची तर त्याहून नाही. खोटं लिहिलं याचा राग आला, एवढंच. आपल्या लोकांना परंपरा कुठलीही चालते, फक्त तिला सुरकुत्या हव्यात.

हे लेबल बघून म्हणाले, "बरा आलाय आईचा फोटू." यांना दुसरं काय दिसणार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या संकष्टी. श्रेया सगळ्या बाटल्या घेऊन ओझरला बसणार आहे, देवळाबाहेर दूर्वा-फुलांच्या ओळीत. चतुर्थीला विघ्नहराला कुठून कुठून माणसं येतात. तिचं गणित असं की निम्म्या जरी खपल्या तरी ती इथे राहायची. भाऊजींनी तिच्यासमोर मान डोलावली. मला वाटतं त्यांनाही तेच हवंय. वाघोलीच्या दोन खोल्यांचं त्यांना काही प्रेम नाही.

उद्या शनिवार आहे.

शनिवारी तेल विकत घेऊन कोणी घरात नेत नाही. शनीचा वार. देवाला वाहायला घेतात ते वेगळं, ते घरात येत नाही. आमच्या आळीत एकही बाई शनिवारी तेलाची पिशवी आणत नाही. मीही आणत नाही. चुकून फोडणीचं तेल संपलं तर रविवारपर्यंत उकडलेलं खातो. श्रेया चिंचवडच्या फ्लॅटमध्ये वाढली. तिच्या घरी सामान दारात येऊन पडायचं. वार बघून येत नसावं.

संध्याकाळी बाटल्या टोमॅटोच्या क्रेटमध्ये रचताना तिने विचारलं, "ताई, काही राहिलं का? तुम्हाला काही सुचतंय?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस? तुझा धंदा, तुझं मार्केटिंग."

कोणीतरी सांगेलच तिला. भाऊजी सांगतील. भाऊजींनी आयुष्यात कधी तेल आणलं नाही हे खरं, पण कानावर तर आलं असेल. आणि मी काय तिचं पंचांग आहे?

८ नोव्हेंबर, शनिवार

मीही गेले. मला दर्शन घ्यायचं होतं.

गर्दी भरपूर. श्रेयाने चादर अंथरून बाटल्या मांडल्या, आत्याबाईंची तोंडं लोकांकडे करून. बायका थांबत होत्या. बाटली उचलायच्या, हाताच्या मागच्या बाजूला थेंब चोळायच्या, हुंगायच्या. एक आळेफाट्याची बाई म्हणाली, "वास बरा हाय बाई. लई दिसांनी असं त्याल बघितलं." श्रेयाने पिशवी उघडली. बाई म्हणाली, "न्हाई, न्हाई. आज शनवार. शनवारी त्याल घरात कोन न्हेतं?"

दुसरीचं तेच. तिसरी तर कपाळाला हात लावून पुढे गेली. श्रेयाला आधी वाटलं किंमत जास्त आहे. तिने कमी केली. मग एका म्हातारीच्या हातात तशीच बाटली ठेवली, "घ्या आजी, पैसे नको." म्हातारीने विंचू धरावा तशी ती परत चादरीवर ठेवली. "फुकाट बी नगं गं माय. पुन्यांदा ये कवातरी."

मी शेजारी दूर्वा विकणाऱ्या बाईजवळ बसले होते. तिथून सगळं दिसत होतं.

दुपार कलल्यावर रत्ना आली. नारायणगावला तिचं ब्यूटी पार्लर आहे, श्रेयाची तिथे ओळख झाली. म्हणाली, "मी देवाला नाही आले. तुझं तेल बघायला आले." तिने दोन बाटल्या घेतल्या, झाकण उघडून बोट बुडवलं, हुंगलं, भांगात लावलं. मग चादरीवरच्या रांगा बघून म्हणाली, "एवढ्या कशा राहिल्या?"

"आज शनिवार आहे म्हणतात सगळ्या."

रत्नाला हसू आवरेना. "अगं बाई, शनिवारी तेल विकायला बसलीस तू? आमच्याकडे छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच मिटलं हे सगळं, म्हणून मी घेतलं. पण आमच्या शेजारणी अजून शनिवारी तेलाचं नाव काढत नाहीत. तुला कोणी सांगितलं नाही?" आणि माझ्याकडे वळून, अगदी सहज, "वहिनी, तुम्ही तर पाळत असाल."

श्रेयाने माझ्याकडे बघितलं.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत असतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तू कुठे विचारलंस?"

"विचारलं होतं," ती म्हणाली. "काल विचारलं होतं, काही राहिलं का म्हणून."

आवाज चढवला नाही. एवढंच बोलून ती बाटल्या क्रेटमध्ये भरायला लागली. रत्नाने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती कामाला लागली, क्रेट उचलायला. मलाही हात लावायचा होता. पण क्रेटला दोनच बाजू असतात.

चंद्रोदय होऊन गेला तरी मी उपवास सोडलेला नाही. भूक नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

श्रेया बोलत नाही. घर कसं छान शांत आहे. पंखा, पाण्याची मोटर, शेजारच्या गेणभाऊंचा टीव्ही. मला अशीच शांतता हवी होती.

हे जेवताना म्हणाले, "शनवारी त्याल घेऊन गेली म्हनं ती. तू व्हतीस ना घरात?"

मी यांच्या ताटात आणखी भात वाढला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आत्याबाई घोडेगावहून आल्या. आल्या आल्या त्यांना बाटली दिसली.

"ह्यो माजा फोटू का लावलाय? मी काय मेले व्हय?"

श्रेयाने समजावलं. मग त्यांना शनिवारचं कळलं. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मोठी घरात असताना आसं झालं."

म्हणजे दोष माझाच.

संध्याकाळी रत्नाचा फोन आला होता. श्रेया ओट्यावर बसून बोलत होती, मला ऐकू आलं. रत्नाला तेल आवडलं. पार्लरला दर महिन्याला हवं म्हणते, तिच्याकडे येणाऱ्या बायकांनाही द्यायचं म्हणते. झालं की. गिऱ्हाईक लागलं. हेच तर हवं होतं. मी हातातलं काम थांबवून उभी राहिले.

श्रेया म्हणाली, "तेल होईल हो, रत्नाताई. पण मला आता इथे राहवणार नाही. रविवारी निघतोय आम्ही."

तेल चाललं तर राहणार होती. तेल चाललं. तरी निघाली. असल्या माणसांच्या बोलण्याला काही अर्थ असतो का?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी थालीपीठं लावली. तिला आवडतात, कांदा जास्त घालून. तिने खाल्ली, ताट घासून ठेवलं. मी म्हटलं, "त्या दिवशी माझ्या लक्षात राहिलं नाही." ती म्हणाली, "ठीक आहे, ताई."

ठीक आहे. हल्लीच्या मुलींना भांडताही येत नाही. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं. आणि ते लक्षात न राहिल्याचं तिला खरं वाटलं नाही, हे तिच्या पाठीवरूनही दिसत होतं.

लक्षात होतं. सबंध शुक्रवारभर लक्षात होतं. भाकरी थापताना, दिवा लावताना, ती क्रेटमध्ये बाटल्यांच्या मध्ये कागद कोंबत होती तेव्हा. सांगायला तोंड उघडलंही होतं एकदा. मग समोरच्या बाटलीवर "सासूबाईंच्या हातचं" दिसलं आणि मी तोंड मिटलं. एवढंच झालं. एवढ्याशा छापील ओळीसाठी. माझ्याविषयी मला फार चांगलं मत नव्हतंच, पण मी इतकी स्वस्त असेन असं वाटलं नव्हतं.

दुपारी त्यांच्या खोलीत बॅगा काढलेल्या दिसल्या. बराखीत गेले. साडीवर वाळत घातलेला तिसऱ्या खेपेचा माका तसाच होता. उलटापालटा करून आले. कोणासाठी, माहीत नाही.

हे म्हणाले, "तुला करमायचं न्हाई आता." यांना कांद्याच्या भावापलीकडचं काय कळतं? मी म्हटलं, "मला चांगलं करमतं."

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी त्यांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. श्रेया भाऊजींचे शर्ट घडी करून बॅगेत भरत होती. भिंतीला लागून बाटल्यांचे क्रेट. भाऊजी गाडीत डिझेल भरायला गेले होते.

मी पर्स उघडून नोट काढली. "एक बाटली दे."

"कशाला?"

"विकत घेतेय."

तिने घडी घालायचं थांबवलं. उंबऱ्यातून आत्याबाई ओरडल्या, "आरते, आज शनवार हाय. याड लागलं का काय तुला?"

"माहीत आहे, आत्याबाई."

"आन् त्याल घरात आनतीस?"

"आणतेय."

मी नोट धरून उभी होते. आणखी काही बोलायचं ठरवून आले होते, सकाळी आंघोळ करताना दोन वाक्यंही जुळवली होती. ती तिथे उभं राहिल्यावर अगदीच शाळेतल्या निबंधासारखी वाटली. म्हणून म्हटलं, "तुझं बघून मला वाटलं, शनिवारी तेल न घेणाऱ्या बायका अगदीच मूर्ख दिसतात."

"तुम्हीच आहात त्या."

"म्हणूनच म्हणतेय."

श्रेया उठली. क्रेटमधून एक बाटली काढली, ओढणीने पुसली. आत्याबाईंचं तोंड माझ्याकडे केलं. मी हात पुढे केला. तिने नोटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बाटली परत क्रेटमध्ये ठेवली.

"शनिवारी आम्ही तेल विकत नाही," ती म्हणाली.

"उद्या तर तुम्ही निघणार."

"उद्या अमृत निघणार. बराखीतला माका कोणीतरी उलटवून ठेवलाय, त्याचं तेल व्हायचंय." तिने बॅगेची चेन लावली. बॅग एकच होती, हे मला तेव्हा दिसलं. दुसरी रिकामी, कपाटावर परत ठेवलेली. "तुम्ही सोमवारी या."

गिऱ्हाईकाशी बोलायची ही काय पद्धत झाली? या नाही, बसा नाही, तोंडावर हसू नाही, आलेलं माणूस दारातून परत. असा धंदा कधी चालायचा नाही, हे तिला कोणीतरी सांगायला हवं. त्यातून सोमवारी कांदा लागवडीच्या बाया येणार, त्यांच्या भाकऱ्या, त्यांचा चहा, मला डोकं वर काढायला फुरसत नसेल. सकाळीच, बाया यायच्या आधी, जाऊन येईन.